वार कोणती?

लेबर रूममधून बर्फाच्या डब्यात वार आली की साळवे मॅडम खुर्चीवरून उठून उभ्या राहतात. झाकण उघडतात, आत वाकून बघतात आणि म्हणतात, "या बाई. लई दमलात ना? बसा." मग हातमोजे घालतात.

हे रोज होतं. दिवसातून तीनदा वार आली तर तीनदा होतं. बाहेरचं कुणी समोर असलं तरी होतं. एकदा पुण्याहून एक मोठे शास्त्रज्ञ आमची लॅब बघायला आले होते. त्यांना वाटलं 'बसा' आपल्याला म्हटलं, आणि ते बसले. मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. त्या डब्यातल्या बाईला विचारत होत्या, "वाटेत लई हेलकावे बसले का?"

वार म्हणजे बाळाच्या पाठोपाठ बाहेर पडते ती. नऊ महिने बाळाला पोसते, ताटाएवढी असते, लाल-जांभळी. डॉक्टर तिला प्लासेंटा म्हणतात. मीही तेच म्हणायचे, कारण मी इंग्रजी शाळेत शिकले आणि दुसरा शब्द मला ठाऊकच नव्हता. आमच्या लॅबमध्ये या वारेतल्या आणि तिच्या आसपासच्या पेशींचा अभ्यास चालतो. बाळंतपणं गुंतागुंतीची का होतात, आणि क्वचित कधी वारेचीच गाठ का होते, हे शोधायचं काम. काम मला आवडतं. तक्रार आहे ती मॅडमबद्दल.

मी नोकरीला लागले त्याच्या दुसऱ्याच दिवशी मॅडम ओपीडीत होत्या आणि मी लॅबमध्ये एकटी. फोन वाजला.

"हां, कॉन्व्हेंट. वार कोणती?"

कॉन्व्हेंट म्हणजे मी. माझं नाव त्यांनी आजवर एकदाही घेतलेलं नाही. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं.

"बुधवार, मॅडम."



"बुधवार व्हय? कुणाची?"

मला प्रश्न कळला नाही. "सगळ्यांचीच," मी म्हणाले.

मॅडमचं व्याकरण कच्चं आहे, वार पुल्लिंगी असतो हेही त्यांना माहीत नाही, असं मला त्या वेळी वाटलं होतं. मी ते मनात ठेवलं. मी सगळंच मनात ठेवते. मॅडम काहीच मनात ठेवत नाहीत. संध्याकाळपर्यंत लेबर रूममधल्या सगळ्या सिस्टरना ही गोष्ट कळली होती. अजूनही त्यांच्यापैकी कुणी डबा द्यायला आली की विचारते, "काय गं, सगळ्यांची बुधवार, बरी हायस ना?"

वार हा पाहुणा आहे, नव्हे पाहुणी आहे, ही मॅडमची मूळ कल्पना. त्यावर त्यांचं सगळं शास्त्र उभं आहे. पाहुणी परक्या घरातून येते, कारण अर्धी बापाकडची असते. आईच्या गर्भाशयात तिला घर बांधायचं असतं. आईच्या शरीरात परक्याला हाकलून लावणाऱ्या पेशी असतात, मग या पाहुणीला त्या हाकलत का नाहीत? तर मॅडमच्या मते गर्भाशयाच्या अस्तरात मावश्या असतात.

"याच पेशी अंगात दुसरीकडं असल्या ना, तर शिपाई असतात. दिसला परका की हाण," मॅडम सांगतात. "इथं आल्या की शिकतात. पाहुणीला वाट करून देतात, आईच्या रक्तापर्यंत नेतात, आणि हद्द बी घालून देतात. इथवर ये, पुढं नाय. जन्मजात मावशी कुणी नसते, कॉन्व्हेंट. तिथं जाऊन व्हावं लागतं."

शिपाई असलेल्या या पेशी मावश्या कशा होतात, हाच आमच्या संशोधनाचा विषय आहे. मावश्यांनी दार पुरतं उघडलं नाही तर वारेला रक्त कमी पडतं, आईचा रक्तदाब वाढतो, झटकेसुद्धा येतात. आणि क्वचित पाहुणी हद्दच मानत नाही. मग ती गाठ. शास्त्र म्हणून यात काहीही चूक नाही. त्रास पुढे आहे. मॅडम शोधनिबंध तोंडी सांगतात आणि मी तो इंग्रजीत उतरवते. "लिही, सातव्या महिन्यात मावश्या रुसल्या." मी 'पेशींचा अपुरा प्रतिसाद' अशा अर्थाचं काहीतरी इंग्रजीत लिहिते. मॅडम मागे उभ्या राहून वाचतात. "प्रतिसाद कशाला? रुसणं म्हण की. इंग्रजीत रुसत नाहीत व्हय?"



मॅडमचे वडील हर्सूलच्या जेलमध्ये शिपाई होते आणि मॅडम तिथल्याच क्वार्टरमध्ये वाढल्या. तिथे पेशी या शब्दाचा अर्थ एकच, कोर्टातली तारीख. लेक पेशींवर काम करते म्हटल्यावर वडिलांना वाटलं, ती कोर्टात लागली. ते शेवटपर्यंत शेजाऱ्यांना तसंच सांगत राहिले. "मी दोनदा समजावलं," मॅडम म्हणतात. "मग म्हटलं राहू दे. कोर्टात म्हटल्यावर जेलमध्ये लई मान होता."

आमचं बर्फाचं मशीन वर्षातून बराच काळ बंद असतं. अशा वेळी मॅडम रस्त्यापलीकडच्या रसवंतीवरून बर्फ आणतात. रसवंतीवाल्याला इतकंच कळलंय की हा बर्फ बाळंतपणाला लागतो. तो बर्फ फोडता फोडता विचारतो, "ताई, मुलगा का मुलगी?" मॅडम थांबून त्याला नीट उत्तर देतात. आईचा रक्तदाबही सांगतात. मी बाजूला रस पिणाऱ्या लोकांचे चेहरे बघत उभी असते.

दुर्दैवाने आम्ही दोघी पुंडलिकनगरमध्ये राहतो, दोन गल्ल्यांच्या अंतराने. त्यामुळे मला सुट्टी म्हणून नसते. मॅडम एकट्या राहतात. त्यांच्याकडे सणावाराला कुणी येताना मी पाहिलेलं नाही, आणि त्याही कुठे जात नाहीत. कारण मला माझ्या आईकडून कळलं. मॅडमच्या बहिणीच्या सुनेचं डोहाळजेवण होतं. हिरवी साडी, फुलांचे दागिने, विहारातल्या सगळ्या बायका जमलेल्या. मॅडमनी ओटी भरायला म्हणून वाकून तिचे पाय सुजलेत का ते बघितलं आणि पर्समधून बीपीचं मशीन काढलं. ते त्या कायम जवळ बाळगतात. पट्टा फुलांच्या बाजूबंदावरच आवळला. आकडा काही त्यांच्या मनास येईना. मग त्या पोरीला तशीच, मुकुटासकट, दवाखान्यात नेलं. तिथे सगळं नॉर्मल निघालं. परत येईपर्यंत जेवणं आटोपली होती आणि बायका निघून गेल्या होत्या. बहीण त्यानंतर मॅडमना कशालाच बोलावत नाही. बारशाचे फोटो त्यांना दुसऱ्याच कुणाच्या मोबाइलवर बघायला मिळाले.

"मशीन बिघडलं होतं का मॅडम?" मी एकदा धीर करून विचारलं.

"नाय. फुलं आड आली," त्या म्हणाल्या, आणि मला टेस्टट्यूब धुवायला सांगितल्या.

आता नाझियाबद्दल. तिच्यामुळे मॅडमना मी जास्त वैतागले की कमी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

नाझिया खुलताबादची, विशीतली, लग्नाला वर्ष झालेलं. तिला द्राक्षगर्भ झाला होता. यात गर्भ धरल्यासारखा वाटतो, पोट वाढतं, उलट्या होतात, पण आत बाळ नसतंच. नुसती वार असते, आणि तीही पाण्याच्या फुग्यांची, द्राक्षांच्या घडासारखी. ती काढून टाकतात. नंतर दर आठवड्याला रक्त तपासावं लागतं, कारण क्वचित थोडीशी वार मागे राहते आणि वाढू लागते. तीच ती गाठ. वेळेत कळली तर औषधाने जवळजवळ नेहमी बरी होते. कळली नाही तर रक्तातून फुप्फुसात जाते.

नाझियाच्या वारेचा तुकडा आमच्याकडे आला तेव्हा मॅडम नेहमीसारख्या उठल्या, "या बाई, बसा" म्हणाल्या, आणि हातमोजे न घालता बराच वेळ डब्याकडे बघत राहिल्या. नंतर नाझिया दर आठवड्याला येऊ लागली. तिच्या रक्ताचा थोडा भाग आम्हालाही मिळायचा. त्यातल्या एका द्रव्याचा आकडा उतरत होता. मग ती यायची थांबली. ओपीडीतून फोन केले, फोन बंद.

"हे ओपीडीचं काम आहे, मॅडम," मी म्हणाले.

"व्हय की."

"तुम्ही डॉक्टरांना सांगा."

"सांगितलं. ते म्हणाले, जाऊन बघून या."

ते असं म्हणाले असतील यावर माझा आजही विश्वास नाही. रविवारी सकाळी आमच्या दारात स्कूटीचा हॉर्न वाजला, आणि गल्लीतल्या तीन घरांची दारं उघडली तरी तो वाजतच राहिला.

स्कूटीवर पुढे पायाजवळ निळा बर्फाचा डबा होता. "डबा कशाला?" मी विचारलं. "असू दे. सवय हाय," मॅडम म्हणाल्या. दौलताबादच्या घाटात त्या एसटीच्या मागे चिकटून गाडी चालवतात, कारण एसटी वारा अडवते. अधेमधे थांबून पेरू घेतले. खुलताबादच्या वेशीतून आत शिरल्यावर मॅडमनी भेटेल त्याला "द्राक्षगर्भवाली नाझिया कुठं राहती?" असं विचारायला सुरुवात केली. मी त्यांचा पदर ओढून सांगितलं की असं विचारू नका. तोवर सगळ्या गल्लीला आम्ही कशासाठी आलोय ते कळलं होतं.

नाझियाच्या सासूबाईंनी दार उघडलं. उंच, कडक चेहऱ्याची बाई. मॅडमना बघून तिचा चेहरा खुलला. तो तसा खुलेल अशी माझी अजिबात अपेक्षा नव्हती.

"आओ आओ मॅडम. अच्छे टाइम पे आये."

आत नाझिया पलंगावर उशांना टेकून बसली होती. समोर दुधाचा पेला, सोललेलं डाळिंब. सासूबाईंनी फडताळातून रुमालात गुंडाळलेली एक पट्टी काढली आणि आमच्यासमोर धरली. मेडिकलमधून आणलेली, गरोदर आहे की नाही ते सांगणारी पट्टी. तिच्यावर दोन लाल रेघा होत्या.

"अल्लाह ने सुन ली. अब मैं इसको घाट में हिलने नै देती. कायकू आना दवाखाने कू? वहां तो हर हफ्ते येइच टेस्ट करते और बच्चा नै बोलते."

मी त्या रेघांकडे बघत राहिले. दर आठवड्याला आम्ही रक्तातलं एक द्रव्य तपासत होतो. पट्टी तेच बघते. ते द्रव्य बाळातून येत नाही, वारेतून येतं. दुसरी रेघ म्हणजे कुठेतरी वार आहे, एवढंच. तिच्यासोबत बाळ असेल किंवा नसेल.

मला वाटलं, आता मॅडम तोफ डागणार.   सासूबाईंनी खिचडी आणि तिळाचं आंबट कालवण, खट्टा, आणला. मॅडम मात्र मांडी घालून बसल्या आणि खाल्लं, सगळं, वर आणखी खट्टा मागून घेतला. मी नुसती खिचडी चिवडत होते. इथे एका मुलीच्या जिवाचा प्रश्न होता आणि ह्या तिळाचा खट्टा कसा करतात ते विचारत होत्या.

हात धुऊन मॅडम पलंगाच्या कडेला बसल्या.

"अम्मा, तुमकू बच्चे कितने?"

"चार."

"चारों की आँवल कहां गाडी?" आँवल म्हणजे वारच.

"यहींच. आंगन में. निंबू के नीचे," सासूबाई म्हणाल्या. "और आपकी?"

"मेरी हर्सूल में. जेल के क्वार्टर के पीछे. अब वहां दीवार हो गयी."

"मतलब आपका घर जेल हुआ," सासूबाई म्हणाल्या, आणि दोघी मनापासून हसल्या. मी हसले नाही.

"अम्मा, ये दो लकीर बच्चे की नै रहती," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "आँवल की रहती. बच्चा हो सकता. हुआ तो मैं खुद मिठाई लाती. पर बच्चा नै और खाली आँवल रही, तो वो मेहमान घर खा जाती. आज फोटो निकाल के देखना पडता. आज."

सासूबाईंचं हसू गेलं. "पहली बार भी आप लोगां ऐसाइच बोले थे."

"हौ."

"मेरे घर में खुशी आयी कि आप आते."

"हौ, अम्मा."

"आपको बच्चे हैं क्या?"

"नै."

"तो आपको क्या मालूम."

 मी चपलांकडे बघत होते, उठून पळता येईल का याचा अंदाज घेत. मॅडमनी पदराने चेहरा पुसला.

"नै हैं अम्मा. इसीलिए तो इतवार को आ सकी."

 सासूबाईंनी ती पट्टी परत रुमालात गुंडाळायला घेतली, पण गाठ बसेना. तेव्हा पलंगावरून नाझिया बोलली. त्या घरात आल्यापासून तिचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"पहले टाइम सब बोले, कुछ भी नै था. डॉक्टर भी बोले, अम्मी भी बोले. कुछ नै था तो मैं रोई तो सब चिढते थे."

मॅडमनी तिचा पाय दाबला, पांघरुणावरूनच.

"किसने बोला कुछ नै था? बच्चा नै था. आँवल थी. मैंने देखी ना. तुम्हारे खून पे पली. रोना तो आयेंगाच."

"आपने देखी?"

"हौ. मेरे पास आयी थी. मैं उसको बोली, आओ बाई, बैठो."

रोज ऐकून ऐकून मला ज्या वाक्याची चीड आली होती, ते वाक्य ऐकून नाझिया रडू लागली. बराच वेळ रडली, आणि या वेळी तिच्यावर कुणी चिडलं नाही. मग तिने उठून खुंटीवरचा बुरखा घेतला.

सासूबाई म्हणाल्या, उद्या आणते. मॅडम म्हणाल्या, मग मी इथंच झोपते, उशी द्या. त्यांनी खरोखरच पाय वर घेतले. सासूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, त्या झोपतील हे त्यांना पटलं, आणि त्यांनी दाराला कुलूप लावायला घेतलं.

त्या दोघी काळीपिवळी जीपमध्ये बसल्या आणि आम्ही मागून स्कूटीवर. मॅडम अख्खा घाट त्या जीपच्या मागे हॉर्न वाजवत होत्या, ड्रायव्हरने हळू चालवावं म्हणून. ड्रायव्हरला वाटलं पुढे जायचंय, तो प्रत्येक वळणावर बाजूला घेऊन थांबत होता. मॅडमही थांबत होत्या. मी मागे पेरूंची पिशवी मांडीवर धरून, ओढणीत तोंड लपवून बसले होते.

सोनोग्राफीत गर्भाशयात बाळ नव्हतं. रक्तातला आकडा वर गेला होता. गाठ सुरू झाली होती, पण अजून होती तिथेच होती.

इंजेक्शनं काही महिने चालली. सासूबाई प्रत्येक वेळी सोबत यायच्या. सुरुवातीला त्या मॅडमशी बोलायच्या नाहीत, नुसत्या बाकावर बसून राहायच्या. मॅडम दर वेळी जाऊन त्यांच्याशेजारी बसायच्या आणि पेशींबद्दल बोलायच्या. एके दिवशी मी नमुने घेऊन जात असताना ऐकलं, सासूबाई दुसऱ्या एका पेशंटच्या आईला सांगत होत्या, "बच्चेदानी में खाला लोगां रहते. वो दरवाजा खोलते." खाला म्हणजे मावशी. त्या बाईने घाबरून माझ्याकडे बघितलं. मी काय सांगणार? मी मान डोलावली.

आकडा उतरला, शून्यापाशी आला आणि तिथेच राहिला. डॉक्टरांनी पुढच्या गरोदरपणासाठी वर्षभर थांबायला सांगितलं होतं. त्या थांबल्या. त्यानंतर नाझियाला पुन्हा दिवस गेले, आणि या वेळी सोनोग्राफीत बाळ होतं. तेव्हापासून मॅडमनी माझं जगणं मुश्कील केलं. अशी वार मिळणं किती दुर्मीळ, हे त्या मला दर दोन दिवसांनी सांगत. एकदा गाठ होऊन गेलेल्या गर्भाशयातली, निरोगी बाळाची वार. तिथल्या मावश्या दुसऱ्या वेळी कशा वागल्या, हे जगात कुणी नीट पाहिलेलं नाही. मी नळ्यांवर नावं घालून ठेवली. बर्फाचं मशीन दुरुस्त करून घेतलं. नाझियाने आणि सासूबाईंनी संमतीच्या कागदावर हसत हसत सही केली.

नाझिया बाळंत झाली त्या दिवशी सकाळीच लेबर रूममधून फोन आला. मुलगी झाली होती. मी धावत जाऊन डबा घेऊन आले.

मॅडम उठून उभ्या राहिल्या. झाकण उघडलं. वार सुरेख होती, गोल, भरलेली, कुठेही फाटलेली नाही.

"या बाई," मॅडम म्हणाल्या. "लई दमलात ना?"

आणि 'बसा' म्हणाल्याच नाहीत.

मी कात्री आणि नळ्या पुढे केल्या. मॅडमनी हातमोजे घातले, वार उचलली, थंड पाण्याखाली धरून हळूहळू धुतली, पालथी करून बघितली, परत सुलट केली. मग कपाटातून स्वच्छ पांढरं कापड काढलं.

"मॅडम, आधी तुकडे घ्यायचेत."

"नको."

"मॅडम, हीच तर हवी होती आपल्याला. तीन वर्षं."

"व्हय. म्हणून तर." त्या कापडाच्या घड्या घालत होत्या. "एवढी एक अख्खी जाऊ दे, कॉन्व्हेंट. अम्माच्या अंगणात, लिंबाखाली."

 संमती घेतलेली, नळ्या तयार, मशीन दुरुस्त, आणि या बाई पुडकं बांधत होत्या. दवाखान्याच्या कागदावर सही करून सासूबाईंनी ते दोन्ही हातांत घेतलं. 

"सातवें दिन अकीका है," त्या मॅडमना म्हणाल्या. "बच्ची के बाल उतारेंगे, नाम रखेंगे. खाला का आना जरूरी रहता."

"मेरे कू काम रहता अम्मा."

"रहने दो काम. ये लडकी है ना तुम्हारी," त्या माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या. "आना. नै तो मैं आके बैठती यहां, उशी लेके."

त्या गेल्यावर मी रिकामा डबा धुवायला घेतला. जरा जोरातच घासत होते. न वापरलेल्या नळ्यांवरची नावं आता पुसावी लागणार होती. मॅडम खुर्चीत बसल्या होत्या. कागद उघडत नव्हत्या, सूक्ष्मदर्शकाकडे जात नव्हत्या, मला काही सांगतही नव्हत्या.

"कॉन्व्हेंट," त्या म्हणाल्या. "आज वार कोणता गं?"

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. इतक्या वर्षांत त्यांनी हा प्रश्न मला कधी असा विचारला नव्हता. मी नळ बंद केला.

"बुधवार, मॅडम."

त्यांनी अंगठा बोटांच्या पेरांवर ठेवला. बुध, गुरु, शुक्र, असं ओठांतल्या ओठांत मोजत गेल्या. मंगळवारी थांबल्या.

"मंगळवारी मी नाय यायची. फोन आला तर तू घे. वार कोणती, कुणाची, सगळं विचार."

"हो."

"आणि मावशीनं काय न्यायचं असतं गं, असल्या कार्याला?"

"मला माहीत नाही, मॅडम. आईला विचारते."

"विचार. मला बी नाय आठवत."

मी पुन्हा नळ सोडणार होते. मग वाटलं, आत्ता बोलले नाही तर मंगळवारी फार उशीर होईल. मी सहसा असं बोलत नाही.

"मॅडम, बीपीचं मशीन नेऊ नका."

 मी डब्याच्या कडेवरचा न निघणारा डाग घासू लागले. मागे पर्सची चेन उघडल्याचा आवाज आला. मॅडम उठल्या, माझ्या टेबलापाशी गेल्या, खण उघडला आणि मशीन आत ठेवलं. पट्ट्याची नीट गुंडाळी करून ठेवलं.

"चावी तुझ्याजवळ ठेव," त्या म्हणाल्या. "सोमवारी मी मागंन. देऊ नको."